नफ्सच्या तीन अवस्था आणि फ्रॉइडचे तीन विभाग : हे साम्य कितपत खरे आहे?

अरुंधती_पार्ले

मी मुंबईतील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत शिकवते. फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन विभाग, म्हणजे इदम् (इड, वासनांचा साठा), अहम् (इगो, जगाशी व्यवहार करणारा 'मी') आणि पराहम् (सुपरइगो, आतला न्यायाधीश), शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आमच्याकडे इस्लाममध्ये नफ्सच्या, म्हणजे माणसाच्या अंतर्मनाच्या, नफ्स-ए-अम्मारा, नफ्स-ए-लव्वामा आणि नफ्स-ए-मुतमइन्ना अशा अवस्था सांगतात, ते हेच ना?" पुढच्या तासाला तिने मोबाइलवर एक तक्ता आणून दाखवला. दुष्कृत्याकडे ओढणारी अम्मारा म्हणजे इदम्, स्वतःला दोष देणारी लव्वामा म्हणजे पराहम् आणि शांत झालेली मुतमइन्ना म्हणजे अहम्, अशी सरळ जुळणी त्यात केलेली होती.

उत्तरपत्रिकेत हा तक्ता छान दिसेल, पण मला तो पटत नाही. तरीही नुसते "तसे नाही" म्हणून तिला गप्प करणे मला योग्य वाटत नाही, कारण तिचा प्रश्न मुळीच उथळ नाही. आपला अभ्यासक्रम १८७९ साली वुंटने लाइपझिगमध्ये काढलेल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून सुरू होतो आणि त्याआधीच्या हजार वर्षांत मनाचा कोणी गंभीरपणे विचारच केला नव्हता, अशी समजूत घेऊन मुले पदवीधर होतात.

इस्लामी परंपरेतील लेखन ज्यांनी वाचले आहे आणि जे प्रत्यक्ष मानसोपचारांच्या क्षेत्रात आहेत, अशा दोघांचीही मते मला हवी आहेत. हे साम्य खरे आहे का? नसेल, तर या दोन विचारांची गाठ नेमकी कुठे पडते? "आमच्याकडे हे आधीच सांगितले होते" अशी चढाओढ मात्र कृपया नको.

खारफुटी

अरुंधतीताई, आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, मी वाढलो माहीमला. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित, नाही, पण इस्लामी विचारवंत गझालींच्या 'इह्या' या ग्रंथाचा उर्दू अनुवाद घरात होता आणि आजोबांनी त्यातले बरेच माझ्याकडून वाचून घेतले.

तक्त्यात पहिली अडचण अशी आहे की फ्रॉइडचे तिन्ही विभाग एकाच वेळी, जन्मभर, एकाच माणसात काम करत असतात. नफ्सचे तसे नाही. नफ्स एकच असते आणि तिच्या या तीन अवस्था आहेत. अम्मारा कुराणातील सूरह (अध्याय) यूसुफच्या ५३व्या आयतीत येते, लव्वामा सूरह कियामाच्या दुसऱ्या आयतीत आणि मुतमइन्ना सूरह फज्रच्या २७व्या आयतीत. या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पुढच्या विचारवंतांनी, विशेषतः सूफींनी, एक चढण तयार केली. माणूस ती चढू शकतो, तसाच घसरूही शकतो. इदम् वर चढून अहम् होत नाही.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. फ्रॉइडचा पराहम् आईवडिलांच्या आणि समाजाच्या मनाईतून घडतो, पुष्कळदा तो निष्ठुर असतो आणि उपचारात त्याची पकड सैल करावी लागते. लव्वामाची तर कुराणात शपथ घेतलेली आहे, म्हणजे ती मानाची जागा आहे. स्वतःला जाब विचारणारी नफ्स जागी झाली की सुधारणेला आरंभ झाला, असे तिथे मानतात.

आणि मुतमइन्ना म्हणजे अहम्, हे तर मुळीच जुळत नाही. बिचाऱ्या अहम्‌ला एका बाजूने वासना, दुसऱ्या बाजूने पराहम् आणि तिसऱ्या बाजूने बाहेरचे जग, अशा तिघांची मर्जी सांभाळायची असते. त्याला शांती कुठली?

लोकलवाचक

वाचतो आहे. खारफुटी, गझाली 'मन' नेमके कशाला म्हणतात, तेही सविस्तर लिहावे.

खारफुटी

'इह्या'मध्ये हृदयाच्या नवलांवर एक स्वतंत्र भाग आहे. त्याच्या आरंभीच गझाली कल्ब (हृदय), रूह (आत्मा), नफ्स आणि अक्ल (बुद्धी) या चार संज्ञा घेतात आणि प्रत्येकीचे दोन अर्थ सांगतात. कल्ब म्हणजे छातीतला मांसाचा गोळा, तो जनावरालाही असतो आणि त्याचा विचार वैद्यांनी करावा. पण कल्बचा दुसरा अर्थ म्हणजे माणसातले ते सूक्ष्म तत्त्व, जे जाणते, ज्याला उद्देशून आज्ञा होते आणि ज्याला जाब द्यावा लागतो. या दुसऱ्या अर्थाने पाहिले, तर चारही संज्ञा एकाच तत्त्वाकडे बोट दाखवतात. म्हणजे तिथे जाणीव, इच्छा आणि जबाबदारी यांची तीन वेगळी खाती नाहीत. जाणणारा आणि जाब देणारा एकच.

तर्कसंगत

चर्चा चांगली आहे, पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. आपण दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारी ठेवत आहोत. मानसशास्त्र म्हणजे केवळ मनाविषयीचे विचार नव्हेत. तपासता येतील आणि खोटे ठरू शकतील, अशी विधाने करण्याची ती शिस्त आहे. गझालींचे सूक्ष्म तत्त्व कोणत्या प्रयोगाने तपासणार? त्याला नीतिशास्त्र म्हणा, धर्मचिंतन म्हणा, माझी काहीच हरकत नाही.

फ्रॉइडलाही मी हीच कसोटी लावतो, हेही स्पष्ट करतो. इदम् कोणी पाहिला आहे? त्यामुळे धाग्याच्या शीर्षकातील दोन्ही बाजू मला इतिहासाच्याच वाटतात. आज उपचारांत जे टिकले आहे ते विचार बदलण्यावर भर देणाऱ्या बेक आणि एलिस या मानसोपचारकांच्या परंपरेतून आले आहे आणि ते मोजमापातून टिकले आहे.

ग्रंथकीटक

तर्कसंगत यांचा आक्षेप रास्त आहे. पण ज्या एलिसचे नाव त्यांनी घेतले, त्याच्यापासूनच मला सुरुवात करायची आहे.

महाराष्ट्रात एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती बऱ्याच जणांना परिचित आहे. माणूस घटनेमुळे अस्वस्थ होत नाही, त्या घटनेविषयीच्या स्वतःच्या दृष्टिकोनामुळे होतो, हा तिचा गाभा. हे सूत्र आपण एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्याकडून घेतल्याचे एलिसने मोकळेपणाने सांगितले आहे. आता नवव्या शतकातील बगदादमध्ये या. तत्त्वज्ञ अल-किंदी दुःख दूर करण्याच्या उपायांवर एक छोटा ग्रंथ लिहितो. त्यात प्रवाशांचे एक जहाज किनाऱ्याला लागते. काही जण काम उरकून लगेच परततात आणि ऐसपैस जागा मिळवतात, तर काही फुले, शिंपले आणि रंगीत दगड वेचत राहतात व त्या ओझ्यासह अडचणीच्या जागी कोंबले जातात. जहाजाचा हा दृष्टान्तही मुळात एपिक्टेटसचाच आहे, अल-किंदीने तो फुलवून सांगितला. न्यूयॉर्कचा एलिस आणि बगदादचा किंदी एकाच ग्रीक गुरूकडे शिकले, त्यामुळे 'इस्लामी' आणि 'पाश्चात्त्य' या दोन बंद पेट्या आहेत असे मानून चालणार नाही.

निरीक्षणाचे म्हणाल, तर अबू झैद अल-बल्खी हा विद्वान पाहा. तो ९३४ साली वारला. त्याच्या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर आणि दुसरा नफ्सच्या आरोग्यावर आहे. आपल्या काळचे वैद्य फक्त शरीर पाहतात, अशी त्याची तक्रार आहे. क्रोध, भीती, दुःख आणि वसवसा, म्हणजे मनात घोळत राहणारे त्रासदायक विचार, असे चार मनोविकार तो वेगवेगळे मांडतो. दुःखाचे तो दोन प्रकार करतो : कारण ठाऊक असलेले आणि कारण न सापडणारे. दुसऱ्याचे मूळ तो शरीरात शोधतो आणि त्यावर शरीराचेही उपाय सांगतो. शिवाय माणूस घरात औषध जपून ठेवतो तसे, मन शांत असताना हितकर विचार तयार ठेवावेत, म्हणजे मन खवळल्यावर ते हाताशी राहतील, असा त्याचा सल्ला आहे. त्याने मोजमाप केले नाही, हे मान्य. पण हे धर्मोपदेशापेक्षा वेगळे काम आहे, हे तर्कसंगत यांनाही मान्य व्हावे.

तर्कसंगत

बल्खीविषयी मला ठाऊक नव्हते. दुःखाचे दोन प्रकार हे निरीक्षण म्हणून निश्चितच मोलाचे आहे. परंतु माझा आक्षेप गझालींच्या कल्बविषयी होता आणि तो तसाच राहतो.

ग्रंथकीटक

त्यासाठीच घोड्याचे उदाहरण मांडतो, कारण त्यात अरुंधतीताईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे असे मला वाटते.

१९२३ सालच्या ज्या लेखनात फ्रॉइडने इदम् आणि अहम् यांची मांडणी केली, त्यातच तो म्हणतो की अहम् हा घोडेस्वारासारखा आहे आणि घोडा म्हणजे इदम्. स्वाराला घोड्यापासून वेगळे व्हायचे नसेल, तर पुष्कळदा घोड्याला जायचे असेल तिकडेच त्याला न्यावे लागते. आणि अहम्‌ही इदम्‌ची इच्छा जणू आपलीच असल्यासारखी अमलात आणतो.

गझालींकडेही स्वार आहे. हृदयाच्या नवलांवरील त्याच भागात ते सांगतात की अक्ल हा शिकारीला निघालेला स्वार, शहवत म्हणजे वासना हा त्याचा घोडा आणि गझब म्हणजे क्रोध हा त्याचा कुत्रा. स्वार निष्णात, घोडा आज्ञाधारक आणि कुत्रा शिकवलेला असेल, तर शिकार साधते. त्याहून जुना रथ प्लेटोचा आहे, दोन घोड्यांचा. आणि आपल्याला कठोपनिषदातील रथ ठाऊकच आहे, त्यात बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे.

इतके साम्य असूनही फरक पाहा. गझालींचा स्वार घरून निघाला तो शिकारीसाठी. त्याला कुठे जायचे आहे ते ठरलेले आहे आणि त्याच्या दृष्टीने ती शिकार म्हणजे ईश्वराचे ज्ञान. म्हणून घोडा मारायचा नाही आणि कुत्राही हाकलायचा नाही, त्यांच्यावाचून शिकार व्हायचीच नाही. फ्रॉइडच्या स्वाराला मात्र कुठेच पोचायचे नाही, त्याला पडायचे नाही एवढेच. मनाच्या विभागांची जुळणी करणारा तक्ता हा फरक पूर्णपणे गाळून टाकतो. मन कशाने बनले आहे यापेक्षा मन कशासाठी आहे, इथे दोन्ही परंपरा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात.

अनघा_ठाणे

घोडेस्वाराचा प्रतिसाद अतिशय आवडला. हा वर्गात जसाच्या तसा सांगता येईल.

डॉ_सावली

मी एका सार्वजनिक रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहे. ग्रंथांविषयी मला थोडेच ठाऊक आहे, पण ओपीडीत या दोन परंपरा रोज एकमेकींसमोर बसलेल्या असतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देते.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक तरुण मोठ्या भावासोबत आला. हातांची कातडी पांढरी पडून बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या होत्या. फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजआधी वुजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध व्हायला, तो नळावर बसला की कोपरापर्यंत पाणी पोचले की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा धुवत राही आणि शेवटी नमाजची वेळ टळून जाई. मराठीत आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, तो हाच आजार. सोवळ्याओवळ्याच्या घरांतून आलेल्या कितीतरी रुग्णांत मी हेच पाहिले आहे, फक्त नळाशेजारी देवघर असते.

यावर आम्ही औषधांबरोबर जो वर्तनोपचार करतो, त्याचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात आहे. शंका येऊ द्यायची, अस्वस्थता वाढू द्यायची, पण धुण्याची कृती पुन्हा करायची नाही. अस्वस्थता हळूहळू आपोआप ओसरते आणि हे रुग्णाला अनुभवातूनच कळते. हा तरुण मात्र तयार होईना. "डॉक्टर, तुम्ही मला अपुऱ्या वुजूने नमाज पढायला सांगता आहात," असे तो म्हणे आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर ते खरेच होते. शेवटी भावाने मोहल्ल्यातील मौलानांना सोबत आणले.

मौलानांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शंकेने खात्री नाहीशी होत नाही, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, नियमच आहे, त्यामुळे एकदा धुतले की शंकेला काही किंमत नाही. दुसरी, प्रत्येक अवयव तीनदा धुणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे आणि त्यापुढे धुणे हे पुण्य नसून नापसंत कृत्य आहे. मग ते म्हणाले, पैगंबर एक मुद्द (एक जुने, लहान माप) पाण्यात वुजू करत, तेव्हा तू आजपासून नळ बंद ठेव आणि मापाचा एकच तांब्या घे. तो तांब्या मी माझ्या उपचार-आराखड्यात जसाच्या तसा लिहून घेतला. त्यानंतर उपचार सुरू होऊ शकले.

लोकलवाचक

डॉक्टर, हे वाचून एक प्रश्न पडला. मग रुग्णाने दर शंकेला मौलानांनाच विचारत राहिले तर?

डॉ_सावली

फार नेमका प्रश्न विचारलात. तसेच होते आणि ते धोक्याचे असते. पुन्हा पुन्हा खात्री करून घेणे हे या आजारात हात धुण्यासारखेच वागते. आज या मौलानांना, उद्या दुसऱ्या मशिदीत, रात्री इंटरनेटवर. म्हणून आम्ही ठरवून घेतले की विचारायचे ते एकाच मौलानांना आणि एका प्रश्नाचे उत्तर एकदाच. त्याच प्रश्नावर पुन्हा फोन आला तर उत्तर द्यायचे नाही, हे मौलानांनीही कबूल केले आणि पाळले.

तर्कसंगत

डॉक्टर, आपल्या कामाविषयी आदर बाळगून विचारतो. उपचार शेवटी मेयर यांचाच ठरला ना? मौलानांनी फक्त रुग्णाला तयार केले. तेच काम एखाद्या समंजस मामाने किंवा शिक्षकाने केले असते.

डॉ_सावली

मला तसे वाटत नाही, कारण मौलानांनी त्याच्या शंकेचे स्वरूपच बदलून दिले. तोवर त्याच्या दृष्टीने शंका म्हणजे धर्माची हाक होती आणि माझा उपचार म्हणजे त्या हाकेकडे पाठ फिरवणे. परंपरेनेच तिला वसवसा ठरवल्यावर ती हाक राहिली नाही. मामा किंवा शिक्षक हे सांगू शकले नसते, कारण तो अधिकार त्यांचा नव्हता.

आणखी एक सांगते. आमची मोजपट्टी दिवसातले किती तास विधींमध्ये जातात, त्रास किती होतो, प्रतिकार किती जमतो हे मोजते आणि ते मोजलेच पाहिजे. पण त्या मुलाला काय हवे होते? त्याला मन लावून नमाज पढायची होती. माझ्या मोजपट्टीत त्यासाठी रकाना नाही. ग्रंथकीटक यांच्या भाषेत सांगायचे तर मी त्याला घोड्यावरून पडू न देण्याचे काम करत होते आणि त्याला शिकारीला जायचे होते.

खारफुटी

डॉक्टर, वसवशाविषयी थोडी भर घालतो. मनात येणारे विचार आणि माणसाची जबाबदारी यांच्यात आमच्याकडे स्पष्ट रेघ ओढलेली आहे. हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, मनात जे कुजबुजते ते बोलण्यात किंवा कृतीत येत नाही तोवर माफ आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात असाही प्रसंग आहे की काही साथीदार पैगंबरांकडे येऊन म्हणाले, आमच्या मनात असे विचार येतात की ते उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. उत्तर मिळाले की तसे वाटणे हाच स्पष्ट ईमान आहे. म्हणजे विचाराची भीती वाटते हीच श्रद्धेची खूण मानली गेली.

बाराव्या शतकात धर्मपंडित इब्न अल-जौझी यांनीही वुजूमध्ये तासन्‌तास पाणी सांडणाऱ्यांची खरमरीत कानउघाडणी केली आहे. तेव्हा हा आजार नवा नाही आणि त्याला धार्मिकता न समजणेही नवे नाही.

अरुंधती_पार्ले

खारफुटी, तुमच्या या प्रतिसादाला आधुनिक संशोधनाची एक जोड मिळते. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ साली दाखवून दिले की नकोसे, विचित्र, कधी हिंसक किंवा पाखंडी विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात आणि आशयाने ते रुग्णांच्या विचारांसारखेच असतात. पुढे रॅकमन यांनी अशी मांडणी केली की फरक विचारात नसून त्याला दिलेल्या अर्थात असतो. 'असा विचार आला म्हणजे मी तसाच माणूस आहे', या समजुतीतून आजार पोसला जातो. इथे मात्र दोन परंपरा खरोखर एकाच जागी येऊन उभ्या राहिल्या आहेत आणि तक्त्यात तर या जागेचा उल्लेखही नाही.

नजमा_मुंब्रा

इतका वेळ नुसती वाचत होते, पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारण या सुंदर विचारांचा वापर घरात कसा होतो, तेही कोणीतरी सांगायला हवे.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला काही सुचेनासे झाले. बाळ रडत असायचे आणि मी भिंतीकडे पाहत बसलेली असायचे. घरातल्या मोठ्या बायका प्रेमानेच म्हणायच्या, सब्र कर, नमाज पाबंदीने पढ, तुझी नफ्स तुला बहकवते आहे. मी पढत होते. सज्द्यात डोके टेकवल्यावर उचलावेसे वाटत नव्हते आणि मग वाटायचे की माझा ईमानच कमजोर आहे. आजारात अपराधाची भर पडली.

शेवटी नवऱ्याने एका समुपदेशकाकडे नेले. तिथे दुसऱ्याच भेटीत मला सांगण्यात आले की माझ्या दुःखाचे मूळ माझ्या बुरख्यात आणि धर्माच्या दडपणात आहे. मी काही सांगण्याआधीच माझे निदान झालेले होते. घरात मी कमजोर ईमानाची ठरले होते आणि तिथे ईमानामुळे आजारी. एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा झोप, भूक, थायरॉइड आणि बाळाविषयी मनात येणारे विचार यांबद्दल विचारले आणि औषध सुरू केले, तेव्हा मी सावरले. नमाज मी कधीच सोडली नव्हती. नंतर तिच्यात मला पुन्हा माझी जागा मिळाली.

म्हणून विचारते, की या परंपरेत आजारी मनाला दोष न देणारे काही आहे का? असेल, तर ते आमच्या घरांपर्यंत का पोचत नाही?

ग्रंथकीटक

नजमाताई, आहे, आणि तेही प्रत्यक्ष गझालींच्या आयुष्यात आहे.

१०९५ साली गझाली बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत होते, त्या काळातील सर्वांत मोठ्या मानाच्या पदांपैकी एका पदावर. त्या वर्षी त्यांची वाचा गेली. विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी ते पाठ द्यायला बसत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. घास गिळेना, अन्न पचेना, शक्ती क्षीण झाली. वैद्यांनी पाहून सांगितले की हा विकार हृदयातून उद्भवून प्रकृतीत उतरला आहे आणि मनावरचा भार हलका झाल्याशिवाय उपाय चालणार नाही. हे सगळे गझालींनी स्वतःच आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्यांनी पद सोडले, बगदाद सोडले आणि अनेक वर्षे ते शिकवण्यापासून दूर राहिले. 'इह्या' त्यानंतरच्या काळातला आहे. ज्यांच्या नावाने घरोघरी सब्र सांगितला जातो, त्या माणसाच्या मनाने एकदा पूर्ण असहकार पुकारला होता. त्यांचा ईमान कमजोर होता, असे म्हणायला कोण धजेल?

संस्थांचे म्हणाल, तर कैरोत सुलतान कलावूनने १२८४ साली उभारलेल्या रुग्णालयात आणि अलेप्पोत १३५४ साली बांधलेल्या अर्गुन बीमारिस्तान या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. अलेप्पोच्या त्या इमारतीत चौक आणि कारंजी आहेत. हे पोचले का नाही, याचे उत्तर मात्र मला पुस्तकांत सापडलेले नाही.

खारफुटी

नजमाताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आम्हा पुरुषांच्या दाराशी येतो. जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, मी नफ्सशी झगडण्याविषयी असंख्य वेळा ऐकले आहे, पण गझालींची वाचा गेली होती हे कधीच ऐकले नाही. ज्या हदीसनुसार झोपलेला, लहान मूल आणि भान हरपलेला माणूस यांच्या नावे काहीच लिहिले जात नाही, ती कायद्याच्या चर्चेत येते. घरातल्या आजारी माणसाकडे पाहताना ती कोणी आठवत नाही. आमच्या मशिदीच्या कमिटीत मी हा विषय मांडणार आहे.

तर्कसंगत

नजमा यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. दोन्हीकडून अन्याय झाला.

मला ज्याची खरी काळजी वाटते, ते इथे लिहितो. ग्रंथांतील वसवसा वेगळा आणि प्रत्यक्षात 'जिन लागला' म्हणून साखळीने बांधलेला माणूस वेगळा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने होरपळून मेले. असे प्रकार सर्वच धर्मांच्या ठिकाणी होतात, हे मी जाणतो. पण मनाच्या धार्मिक संकल्पनेला मान द्यायचा म्हणताना ही दारे उघडत नाहीत ना, हे पाहायला हवे.

डॉ_सावली

ही काळजी मलाही आहे. छिन्नमनस्कता, तीव्र उन्माद, आत्महत्येचे विचार यांत औषधोपचाराला उशीर होणे म्हणजे थेट जिवाशी खेळ आहे आणि तिथे मी तडजोड करत नाही. मात्र दर्ग्याला शत्रू ठरवून रुग्ण आमच्याकडे येत नाहीत, हाही अनुभव आहे. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम झाला, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच बसू लागले आणि मुजावर (दर्ग्याचे सेवक) रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले. दुआ थांबवायला कोणी सांगितले नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी आहे आणि ती मंदिर, दर्गा, रुग्णालय सर्वांना सारखीच लागू आहे.

किनारा

थोडे विषयांतर करतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, वारकऱ्यांत मानले गेले आणि मराठीत त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला. जीव आपल्याच विकारांशी लढतो, असे रणाचे रूपक त्यात आहे. नफ्सशी झगडा ही कल्पना मराठीत आणायला आपल्याला फ्रॉइडची वाट पाहावी लागली नव्हती. मुंबईपुरते बोलायचे तर माहीमच्या मखदूम साहेबांच्या उरुसाची गर्दी आपण सगळे पाहतो, पण मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले होते, हे किती जणांना ठाऊक असते?

अरुंधती_पार्ले

किनारा, हे विषयांतर नाही, मला ते वर्गासाठी हवेच आहे. खारफुटींना एक शेवटचा प्रश्न. फ्रॉइडला माणूस मुळात वासनांचा साठा वाटतो आणि संस्कृती त्याला आवर घालते. नफ्स-ए-अम्मारा हीच माणसाची मूळ स्थिती आहे का?

खारफुटी

नाही, आणि तक्ता सर्वांत जास्त इथेच फसवतो. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे सत्याकडे असलेल्या मूळच्या ओढीवर जन्मते, असे हदीस सांगते. अम्मारा ही त्यावर चढत गेलेली अवस्था आहे. गझाली हृदयाला आरसा म्हणतात, ज्यावर गंज चढतो आणि जो घासून पुन्हा लख्ख करता येतो. म्हणजे तळाशी अंधार नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची मांडणी मी थोडी वाचली आहे. माणसात वाढीची मूळ प्रेरणा असते असे तो म्हणतो, तेव्हा फ्रॉइडपेक्षा तो मला अधिक जवळचा वाटतो. पण रॉजर्सचा माणूस स्वतःशी प्रामाणिक राहून पूर्ण होतो आणि फितरतचा माणूस आपल्या निर्मात्याकडे वळून. तिथे ते दोघे वेगळे होतातच आणि ते मिटवायचा प्रयत्न करू नये.

अरुंधती_पार्ले

आभारी आहे. मी त्या विद्यार्थिनीला तक्ता फाडायला सांगणार नाही. त्याच्या तिन्ही ओळींसमोर, ही जुळणी कुठे तुटते ते लिहून आणायला सांगेन आणि फ्रॉइडचा व गझालींचा स्वार शेजारीशेजारी वाचायला देईन. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी १९७९ साली मुस्लिम मानसशास्त्रज्ञांना बजावले होते की पाश्चात्त्य सिद्धांतांमागे डोळे मिटून जाऊ नका. मात्र वर्तनोपचारांतील उपयोगी भाग त्यांनी नाकारला नाही. बल्खीचा तो भाग इंग्रजीत आणला तोही त्यांनीच. तेही वाचनात ठेवते.

नजमा_मुंब्रा

डॉक्टर, एक व्यवहाराचा प्रश्न आहे. माझ्या मामेबहिणीला लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) सुरू आहे आणि रमजान आला की ती रोजे ठेवण्यासाठी गोळ्यांच्या वेळा मनानेच बदलते. घरातले म्हणतात, महिनाभर काही होत नाही. तिला काय सांगू?

डॉ_सावली

कृपया तिला तसे करू देऊ नका. दिवसभर पाणी न प्यायल्याने, विशेषतः उन्हाळ्यात, शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढू शकते आणि ते विषारी पातळीला जाऊ शकते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे किंवा गुंगी दिसली, तर थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या. उलट गोळ्या चुकवल्या तर आजार उलटतो. रमजानच्या आधीच तिच्या डॉक्टरांना भेटा, रक्ततपासणी करून घ्या आणि रोजे ठेवता येतील की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

खारफुटी

आजारी माणसाला रोज्यातून सूट सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींतच दिलेली आहे आणि मनाचा आजार हाही आजारच आहे. नजमाताई, बहिणीला माझ्याकडून कोणा मौलानांशी बोलायचे असेल तर निरोप पाठवा, मी गाठ घालून देतो.

डॉ_सावली

अवश्य. आणि तिच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर मौलानांना त्या भेटीलाच सोबत न्या, म्हणजे दोघांचे म्हणणे ती एकाच वेळी ऐकेल.